स्त्रियांचे जेवण आणि चालणे : सवय टिकते कशी?

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



वहिनींनी फोनवर मला विषय दिला तो "महिलांसाठी डाएट आणि फिटनेस". मी हो म्हटले, पण एक अट घातली, की मी चार्ट वाटणार नाही. नोकरीत असताना अनेक वर्षे मी रायपूरमध्ये मुलींना गृहविज्ञान शिकवले, त्यामुळे चार्टचे काय होते ते मला चांगले माहीत आहे. तो पहिल्या दिवशी फ्रिजवर लागतो, आठवड्याने त्याच्यावर विजेचे बिल येते, आणि दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही निघतात. काय खावे हे इथल्या बहुतेक जणींना माझ्याइतकेच माहीत आहे. पालेभाजी चांगली, मैदा वाईट, चालावे, पाणी प्यावे. प्रश्न माहितीचा नाही. चांगली सवय लागते आणि दीड महिन्यात सुटते, ती का सुटते, यावर आज बोलू.

सुरुवात याच आठवड्यापासून करते. तीजेला आपल्या शेजारच्या छत्तीसगढी बहिणी माहेरी आल्या. आदल्या रात्री त्यांनी करू भात खाल्ला, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, आणि मग दिवसरात्र पाण्याचा थेंबही नाही. आपल्याकडे तीच तिथी हरतालिकेची. कोणी निर्जळी केली, कोणी फळांवर राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उकड काढली, एकवीस मोदक केले, आरतीला माणसे जमली, त्यांना वाढले. मग ऋषिपंचमी. मग ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांच्याकडे सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी, ब्राह्मण. आता खरे सांगा, या चार-पाच दिवसांत वेळेवर, गरम, बसून आणि पोटभर असे किती वेळा जेवलात? (हात वर करायला सांगितले तेव्हा तीन हात वर आले, त्यातला एक पुरुषाचा होता.)

सण चार दिवसांचे असतात, ते सोडून द्या. साधा मंगळवार घ्या. सकाळी साडेपाचला चहा, सोबत दोन बिस्किटे. मग डबे. मुलांचा नाश्ता झाला की कढईत उरलेले पोहे. दुपारी सगळ्यांचे आटोपल्यावर अडीच वाजता दोन पोळ्या, त्यातली एक सकाळची, आणि भाजीच्या भांड्याला जे लागलेले असेल ते. वरणाचे पातेले तोवर तळाला गेलेले असते, म्हणून त्यात पाणी घालून वाढवलेले. रात्री पुन्हा तेच. आणि मधे मधे "फेकायचे कशाला" म्हणून मुलाच्या ताटातला अर्धा पराठा, नवऱ्याने न संपवलेला भात. हे जेवण कोणत्याही चार्टात बसत नाही, कारण हे जेवणच नव्हे, ही आवराआवर आहे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. छत्तीसगढमध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ६०.८ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ४७ टक्के होता. महाराष्ट्रातही तो ५४ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे "आपल्या लोकांत नाही हो" असे म्हणायची सोय नाही. त्याच सर्वेक्षणात छत्तीसगढमध्ये सातांतली एक स्त्री वजनाने जास्त निघाली. म्हणजे वजन वाढलेले आणि रक्त कमी, हे दोन्ही एकाच बाईत असू शकते, आणि असते. तिला लोक "खातेपिते घर" म्हणतात. ती मात्र दोन जिने चढली की धापा टाकते आणि म्हणते, वय झाले.

एक दुसरा आकडा मला याहून महत्त्वाचा वाटतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशात लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो. जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचा जातो ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. आता या बाईला आपण सांगतो, रोज पाऊण तास स्वतःसाठी काढ. तो कुठून काढायचा हे मात्र कोणी सांगत नाही.

थोडे वादाचे बोलते. २०१८ च्या सुमारास आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच चर्चा होती, दीक्षित की दिवेकर. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकर यांचा विचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, खरी भूक लागेल तेव्हा, आणि पंचावन्न मिनिटांत जेवण संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडे थोडे, वेळेवर, आपल्या मातीतले खा, तूप-भाताला घाबरू नका. पुण्या-नागपूरहून फॉरवर्ड यायचे आणि इथे पुरानी बस्तीतल्या घरात सासू एका पक्षात आणि सून दुसऱ्या पक्षात. दोघांच्याही सांगण्यात घेण्यासारखे आहे. सारखे तोंड चालू ठेवणाऱ्यांना दोन जेवणांचा उपयोग झालेला मी पाहिला आहे, आणि भाताला शत्रू मानणाऱ्यांचा भात परत ताटात आला हेही चांगलेच झाले. (साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, इथेही सांगते.) पण या सगळ्या वादात प्रश्न एकच होता, किती वेळा जेवायचे. आपल्या घरातल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे. कोणानंतर जेवायचे? दोनदा जेवा नाहीतर सहा वेळा जेवा, प्रत्येक वेळी सगळ्यांच्या शेवटी उरलेले जेवणार असाल तर दोन्ही पद्धती सारख्याच.

आपल्या जवळच्या दूधाधारी मठाची कथा तुम्हाला माहीतच आहे. तिथले महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत, म्हणून मठाला ते नाव पडले असे सांगतात. ती त्यांची साधना, आपण हात जोडावेत. पण एकाच पदार्थावर राहण्याचे जे प्रकार आजकाल निघतात, सात दिवस फक्त सूप, सात दिवस फक्त फळे, ते ऐकले की मला वाटते, महंतांना सकाळी कोणाचे डबे भरायचे नव्हते.

तर मग करायचे काय? पहिली गोष्ट प्रथिनांची, कारण सर्वांत जास्त घाटा तिथे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. मघाशी सांगितलेला मंगळवार वहीत मांडून पाहा. ओढूनताणून पंचवीस-तीस ग्रॅम भरतात. उरलेले पंधरा-वीस ग्रॅम भरायला पावडरचा डबा नको. एक वाटी घट्ट वरण म्हणजे सहा-सात ग्रॅम. घट्ट म्हणते आहे, पाणी घालून वाढवलेले नव्हे. मूठभर फुटाणे सहा ग्रॅम. वाटीभर दही चार-पाच. मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ वाटीभर, सात-आठ. चालत असेल तर एक अंडे सहा. झुणका तर आपला हक्काचा. यातले कोणतेही दोन-तीन रोजच्या जेवणात वाढले की काम झाले. पण ते तुमच्या ताटात पडले पाहिजे. म्हणून माझे एकच सांगणे, स्वयंपाक झाला की सगळ्यात आधी स्वतःची वरणाची आणि उसळीची वाटी काढून झाकून ठेवा. मग बाकीच्यांना वाढा. पहिल्या दिवशी जरा चमत्कारिक वाटते. घरात कोणी पाहुणे उपाशी राहणार असतील तर ती वाटी त्यांना देता येईलच, पण असे वर्षातून दोनदा होते, आणि आपण त्या भीतीने तीनशे पासष्ट दिवस पाणचट वरण खातो.

दुसरी गोष्ट रक्ताची. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. शरीराला जास्त लागते तिलाच कमी वाढले जाते. इथे आपण रायपूरकर खरे तर श्रीमंत आहोत. टुरी हटरीत सकाळी गेलात तर पाटीत ज्या भाज्या दिसतात त्या पुण्या-मुंबईच्या मंडईत सहज मिळायच्या नाहीत. आपल्यातल्या पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्या झाल्या तरी मेथी, पालक आणि अळू याच्या पलीकडे गाडी जात नाही. लालभाजी म्हणजे आपला लाल माठ. अमारी म्हणजे अंबाडी, तिची आपण भाकरीबरोबर भाजी करतोच. मुनगा म्हणजे शेवगा, आणि त्याच्या शेंगाच नव्हे तर पानेही खायची. कोचईच्या पानांची आपण अळूवडी करतो, तर शेजारच्या घरी त्याच पानांना उडदाची डाळ लावून ईडहर होतो. चेंच, खेडा, चरोटा, कांदाभाजी ही नावे भाजीवालीला विचारा, ती कशी करायची तेही सांगेल, पैसे न घेता. आणि एक गंमत पाहा. ऋषिपंचमीला आपण बैलाच्या श्रमाचे खात नाही, परसातल्या भाज्यांची मिसळ करतो. इथल्या बायका कमरछठीला नांगर न लागलेला पसहर भात आणि सहा प्रकारच्या भाज्या खातात. दोन वेगळ्या मुलखांतल्या बायकांनी पावसाळ्यातला एक दिवस रानभाज्यांसाठी राखून ठेवला. मला वाटते ऋषीची भाजी वर्षातून एकदा न करता पावसाळाभर आठवड्यातून एकदा करावी, मग सोवळे-ओवळे पाळा अगर न पाळा.

भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा नको, त्याने उलट होते, तासभर थांबा. कढई लोखंडी वापरा, निदान भाजीपुरती. आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर नुसत्या भाजीवर विसंबू नका, डॉक्टर देतील त्या गोळ्या घ्या आणि पूर्ण घ्या. गोळीने पोट बिघडते म्हणून आठ दिवसांत सोडणाऱ्या पुष्कळ आहेत. डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा गोळी बदलून देतात.

उपवासांबद्दल जास्त बोलत नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे. एवढेच, की साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसे काही नाही, प्रथिने जवळजवळ नाहीतच. खिचडीत जे काही बळ आहे ते शेंगदाण्याचे. तेव्हा उपवास करायचाच तर दाणे, दूध, दही, राजगिरा यांच्यावर जोर द्या आणि साबुदाणा कमी करा. आणि आठवड्यात तीन-तीन उपवास धरणाऱ्या, रक्त कमी असलेल्या भगिनींनी देवाला एक-दोन वार माफ करायला सांगावे. तो रागावणार नाही असे मला वाटते.

बासीबद्दल मला नेहमी विचारतात. २०२२ च्या कामगार दिनाला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सगळ्यांना बोरे बासी खायला सांगितले आणि बड्या बड्या अधिकाऱ्यांचे बासी खातानाचे फोटो आले. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी कांदा, चटणी, दह्याबरोबर खाणे, हे इथल्या कष्टकऱ्यांचे उन्हाळ्यातले खाणे आहे. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा ते अंगाला थंड पडते, मीठ आणि पाणी पोटात जाते. स्वच्छ पाणी वापरावे, दह्याची वाटी मोठी घ्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी भात मोजून घ्यावा. फोडणीच्या भातात जेवढे तेल घालतो ते पाहता मी तरी उन्हाळ्यात बासीच्या बाजूची आहे.

आता चालण्याकडे येते. दहा हजार पावलांचा धसका पुष्कळ जणींनी घेतला आहे. मुलाने अमेरिकेहून हातात बांधायचे घड्याळ पाठवले, त्यात सहा हजार दिसले की आजी नाराज. हा दहा हजारांचा आकडा कोणत्या डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याचे नावच "मान्पो-केई", म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. तिथून तो आकडा जगभर झाला. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधक आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले, आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. तेव्हा आजींनी सहा हजारांवर खूश राहायला हरकत नाही.

पण चालायचे कुठे? हे आपल्या वस्तीतले खरे दुखणे आहे. या गल्ल्या जुन्या, दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की भिंतीला टेकावे लागते. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात नऊनंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही. बूढातालाबाला म्हणजे विवेकानंद सरोवराला जायला आवडते, पण तिथवर जाऊन येऊन आणि चालून तास जातो. पहाटे एकटीने निघायला भीती, संध्याकाळी निघावे तर कुकर लावायची वेळ. आणि ज्या भगिनी नवा रायपूरला मंत्रालयात किंवा बँकेत जातात, त्या सकाळी नऊला निघून सातला परत येतात. त्यांना मी म्हणते, तासाचा नाद सोडा. दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटे, संध्याकाळी एक थांबा आधी उतरून दहा मिनिटे, रात्री जेवणानंतर गच्चीवर दहा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटे सांगते, तुकड्यांत केली तरी चालतात.

"घरकाम हाच आमचा व्यायाम" असे म्हणणाऱ्या भगिनींना दुखवायचे नाही, पण ते पुरत नाही. ओट्याशी दोन तास उभे राहिल्याने कंबर आणि टाचा दुखतात, दम लागत नाही आणि मांड्यांना जोर मिळत नाही. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात, पाळी गेल्यावर हाडे लवकर विरळ होतात. याला नुसते चालणे पुरेसे नाही, आठवड्यातून दोनदा तरी अंगाला वजन पेलायला लावले पाहिजे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दहा जोर, एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या डोक्यावर उचलणे. गुडघे फारच धरले असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि आपल्याकडे याहून चांगले साधन पडून आहे, ते म्हणजे मंगळागौर. झिम्मा, फुगडी, पिंगा, बस फुगडी, कोंबडा, सगळे शरीर त्यात येते. आपला मंगळागौरीचा चमू श्रावणात पंधरा दिवस जोरात सराव करतो, गुडघ्यांना बाम लावतो, कार्यक्रम करतो, टाळ्या घेतो आणि पुढच्या श्रावणापर्यंत सगळे बंद. हेच जर वर्षभर आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास केले तर बामही लागायचा नाही. छत्तीसगढमध्येही फुगडी आहे, पण ती वेगळी. उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे-मागे टाकत राहायचे, जी शेवटपर्यंत टिकेल ती जिंकली. २०२२ मध्ये छत्तीसगढिया ऑलिम्पिक सुरू झाले तेव्हा त्यात हा खेळ ठेवला होता आणि चाळिशीच्या पुढच्या बायकांचा गट वेगळा होता. आपल्या चमूने शेजारच्या बहिणींना बोलवावे, त्यांची फुगडी शिकावी, आपली शिकवावी. पहिल्या दिवशी दोन मिनिटेही जमणार नाही हे आधीच सांगून ठेवते.

सवय किती दिवसांत लागते यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी एक अभ्यास केला होता. ९६ जणांना एक एक साधी सवय निवडायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. म्हणून "एकवीस दिवसांत नवी तुम्ही" असे पुस्तकांवर लिहिलेले असते त्यावर जाऊ नका. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. मधे एखादा दिवस चुकला तरी सवयीचे फारसे बिघडले नाही. आपल्या बायका एक सोमवार चुकला की म्हणतात, आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.

आणि ती सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधली होती, न्याहारीनंतर अमुक, दुपारच्या जेवणाबरोबर तमुक. इथेच आपली अडचण येते. पुरुषाची न्याहारी आठला म्हणजे आठला. बाईची न्याहारी कधी, तर सगळ्यांची झाल्यावर. खुंटीच हलती असेल तर तिला दोरी कशी बांधणार? म्हणून मी म्हणते, बाईची सवय टिकायची असेल तर घराचे घड्याळ थोडे हलले पाहिजे, आणि ते तिला एकटीला हलवता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात सून संध्याकाळी सात ते साडेसात चालायला जाते. त्या अर्ध्या तासात सासरे कुकर लावतात. सुरुवातीला भाताचा गोळा व्हायचा. कोणी काही बोलले नाही, त्यांनी पाणी मोजायला शिकून घेतले. तीन वर्षे झाली, सून चालते आहे. दुसऱ्या एका घरात बाईने महागडे जिम लावले, नवऱ्याने पैसे आनंदाने भरले, पण सातला चहा कोणी करायचा हे ठरले नव्हते. पावती अजून कपाटात आहे.

मागच्या खुर्च्यांवरच्या बंधूंसाठी हे सांगते आहे. बायकोला "तू स्वतःकडे लक्ष देत नाहीस" असे म्हणणे सोपे आहे. तिला आठला ताटावर बसवून तुम्ही वाढा, हे त्याहून उपयोगी. सासूबाईंनीही सुनेला आधी जेव म्हणावे, आणि सुनेने सासूबाईंच्या वाटीत पाणचट वरण पडत नाही ना ते पाहावे, कारण सत्तरीतल्या बाईला प्रथिनांची गरज कमी होत नाही, तिचे खाणे मात्र चहा-खारीवर येऊन थांबलेले असते.

मंडळापुरत्या तीन सूचना करते. मंगळागौरीचा सराव वर्षभर, मंगळवार आणि शुक्रवार, याच सभामंडपात, कारण ही जागा तेव्हा रिकामी असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी लोखंडी पळी किंवा छोटा तवा लुटावा, एकत्र घेतल्यास फार महाग पडत नाही. आणि तिसरी, जिच्यासाठी मी खरे तर आज आले. महाप्रसादाच्या दिवशी ज्या पंचवीस-तीस जणी पहाटेपासून भाजी चिरतात, पुऱ्या लाटतात, त्या चार वाजता गार पुऱ्या आणि उरलेली बुंदी खातात. दरवर्षी. यंदा पहिली पंगत त्यांची बसवावी. बाकी गाव अर्धा तास थांबेल, कोणी उपाशी मरणार नाही.

(भाषणानंतर एका काकांनी विचारले, बायका जेवायला बसल्या तर वाढणार कोण? त्यावर अध्यक्षांनी तिथेच कागद फिरवला आणि अकरा पुरुषांची नावे आली.) त्या अकरा जणांना एवढेच सांगते, सकाळी साडेदहाला या, हात धुऊन, टोपी किंवा रुमाल बांधून. आधी मीठ-लिंबू, मग कोशिंबीर, भाजी, मग भात-वरण. आणि वरण ढवळून वाढा, डाळ तळाशी बसलेली असते.